घरच्या शाळेला वेळ कुठून येतो?

आज जरा लांब लिहितेय. सवडीनं वाचा, घाई नाही.

गेल्या महिन्यात होटगी रोडला एका बारशाला गेले होते. जेवताना शेजारी एक तरुण आई बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार की ही बाई पेपरात आहे. वरणभात संपायच्या आत तिनं विचारलं, "ताई, पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवलं तर चालतं का हो? केसबिस होत नाही ना?"

सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. मुलगी शाळेतून रोज रडत येते. फी परवडत नाही असं नाही, पण फी भरून पोरगी रडतच येणार असेल तर कशाला भरायची, हा तिचा मुद्दा. तिनं मोबाईलवर घरी शिकवणाऱ्या आयांचे व्हिडिओ बघितलेत. स्वच्छ टेबल, लाकडी खेळणी, खिडकीतून ऊन. हिच्या घरात नऊ माणसं. दीर, जाऊ, त्यांची पोरं, सासऱ्यांची शुगरची औषधं, दुकानातल्या दोन पोरांचं दुपारचं जेवण.

मी तिला कायद्याचं उत्तर दिलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या पोरांना मोफत शिक्षण द्यायची जबाबदारी सरकारची. त्याच कायद्याचं कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. पण ते केलं नाही म्हणून आईबापाला दंड किंवा शिक्षा त्यात कुठं नाही. घरी शिकवणं गुन्हा आहे असं लिहिलेलं नाही, परवानगी आहे असंही लिहिलेलं नाही. परीक्षेचं म्हणशील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत, पुढं दहावी-बारावी आहे. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय आहे. म्हणजे वाट आहे, पण पक्की सडक नाही.

ती खूश झाली. मी मात्र घरी येताना रिक्षात अस्वस्थ होते. तिनं विचारलं ते मी सांगितलं, पण जे विचारायला पाहिजे होतं ते तिनंही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मग घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना एक सवय लागली होती, बातमीत कोण, काय, कुठं, केव्हा, का, कसं हे सगळं आलं का बघायचं. घरी शिकवण्याच्या आपल्याकडच्या सगळ्या गोष्टींत 'कोण' आणि 'का' भरपूर सापडतं. 'केव्हा' हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. केव्हा म्हणजे कुठल्या साली नव्हे. दिवसाच्या कुठल्या तासाला?

पंडिता रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या मोठ्या झालेल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या, पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज काढणाऱ्या, त्याच साली हंटर आयोगापुढं साक्ष देणाऱ्या, पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या. ही बाई लहानपणी एक दिवसही शाळेत गेलेली नव्हती. सगळं शिक्षण घरी. आणि 'घरी' म्हणजे तरी कुठं? तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर, धर्मशाळांत, देवळांच्या ओसरीवर.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठ्यांकडं शिकायला होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यावर वाराणसीबाईंना संस्कृत शिकवायला जायचे. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणू शकते हे या पोरानं तिथं ऐकलं आणि ते डोक्यात बसलं. पहिल्या बायकोला शिकवायचा प्रयत्न केला, घरच्यांनी हाणून पाडला. ती वारल्यावर चाळिशी ओलांडलेल्या शास्त्रीबुवांनी दुसरं लग्न केलं. गोदावरीकाठी भेटलेल्या एका यात्रेकरूनं आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. ती लक्ष्मीबाई. तिला त्यांनी शिकवलंच. गावात ओरड झाली, उडुपीला धर्मसभेपुढं जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले आणि शेवटी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन घर बांधलं. तिथं २३ एप्रिल १८५८ ला रमा जन्मली.

इथंपर्यंतची गोष्ट बहुतेक लेखांत असते. अनंतशास्त्री किती पुढारलेले, किती धाडसी. होतेच, त्याबद्दल वाद नाही. (नऊ वर्षांची बायको चाळिशीतल्या माणसाला, हेही त्याच माणसाबद्दलचं खरं आहे. दोन्ही लिहायला हवं.)

पण रमाला शिकवलं कुणी? थोरल्या मुलांना शास्त्रीबुवांनी शिकवलं. धाकटी रमा शिकण्याच्या वयात आली तोवर ते म्हातारे झाले होते. तिला शिकवलं लक्ष्मीबाईंनी. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि या लक्ष्मीबाईंचं घर कसं होतं? रानातल्या त्या घरी शास्त्रीबुवांचे विद्यार्थी राहायचे, यात्रेकरू यायचे, पाहुणा आला की जेवल्याशिवाय जायचा नाही. आल्यागेल्याचं करता करताच ते कुटुंब कर्जात बुडालं. शेवटी घर सोडून, पुराणं सांगत गावोगाव फिरायची वेळ आली. म्हणजे चूल कधी विटांची, कधी तीन दगडांची, पण रोज होतीच. पाणी, लाकूडफाटा, सोवळंओवळं, दळण, आल्यागेल्याचं. नवरा वृद्ध. तीन पोरं.

तर लक्ष्मीबाई शिकवायच्या केव्हा? पहाटे. रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला निघालं. त्याची प्रस्तावना डॉ. रेचल बॉडली यांनी लिहिली. त्यात हे वर्णन आहे. उजाडायच्या आधी आई पेंगणाऱ्या पोरीला उचलून घ्यायची, लाडीगोडी लावून जागं करायची, आणि पाखरं बोलायला लागायच्या सुमाराला पाठ सुरू व्हायचा. हातात पुस्तक नाही. आईच्या तोंडून ऐकायचं आणि परत म्हणायचं. दिवस उजाडला की आई घरकामाची. बाराव्या वर्षापर्यंत पोरीला पुराणांतले अठरा हजार श्लोक पाठ होते, असं त्याच प्रस्तावनेत दिलंय.

मला त्या आकड्याचं फार काही वाटत नाही खरं तर. पाठांतर तेव्हा बरेच लोक करायचे. मला वाटतं ते त्या पहाटेचं. सात वर्षं म्हणजे अडीच हजारांवर पहाटा. त्यातल्या कितीतरी प्रवासात, परक्या गावात, पावसापाण्यात. आणि आदल्या रात्री झोपताना सगळ्यांत शेवटी कोण झोपत असेल, ते काय सांगायला पाहिजे?

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात ते कुटुंब अन्नान्न झालं. १८७४ च्या सुमाराला आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले, भटकत भटकत कलकत्त्याला पोचले. पुढचा इतिहास पुस्तकांत आहे. एवढंच सांगते की ते १८८७ चं पुस्तक रमाबाईंनी अर्पण केलंय ते आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीला. वडिलांबद्दल त्यांना आदर नव्हता असं नाही. पण पहाटे कोण उठवायचं ते लेकीला पक्कं आठवत होतं.

तीच प्रस्तावना लिहिणाऱ्या बॉडलीबाई ज्या मेडिकल कॉलेजच्या डीन होत्या, तिथंच आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठीच रमाबाई अमेरिकेला गेल्या होत्या. आनंदीबाईंचं सुरुवातीचं शिक्षणही घरचंच, नवऱ्याच्या हातचं. गोपाळराव अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून बायकोला मारायचे, हे सिनेमा-नाटकांमुळं आता सगळ्यांना ठाऊक आहे. लोक ते सांगताना हसतात. बाकीचे नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून मारतात आणि हा केला म्हणून मारतो, असं. मला त्यात हसण्यासारखं कधीच दिसलं नाही. त्या पोरीनं स्वयंपाक केला नसता तर त्या दिवशी जेवण कुणी केलं असतं, हा प्रश्न गोपाळरावांनी स्वतःला विचारला होता का?

न्यायमूर्ती रानड्यांच्या घरचं प्रकरण वेगळं, तिथं मारझोड नव्हती. १८७३ च्या डिसेंबरात अकरा वर्षांची रमा त्या घरात आली, रानडे एकतीस वर्षांचे, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासूनच त्यांनी तिला अक्षरओळख करून द्यायला घेतली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली पुस्तकरूपानं आल्या, मिळालं तर जरूर वाचा. त्यात घरातल्या बायकांचा विरोध पानोपानी आहे. टोमणे, अबोला, मुद्दाम जास्तीची कामं. आपण ते वाचतो आणि त्या बायकांना जुनाट, खाष्ट ठरवून मोकळे होतो. मीही ठरवलं होतं, कॉलेजात असताना. आता चाळिशी उलटल्यावर, सासरच्या भरल्या घरात वीस वर्षं काढल्यावर, वेगळं दिसतं. रानड्यांचं घर मोठं. येणारेजाणारे, आश्रित, विद्यार्थी. त्या घरात एक सून रोज दोन तास वाचत बसली की ते दोन तासांचं काम कुणाच्या तरी अंगावर पडत होतं. ज्यांच्या अंगावर पडत होतं त्यांच्यापैकी बऱ्याच विधवा होत्या, त्यांना कुणी पाटी दिलेली नव्हती. त्यांनी छळ केला हे चूकच. पण न्यायमूर्तींनी बायकोला शिकवायचा निर्णय घेतला तेव्हा त्या घरातल्या कामाची वाटणी नव्यानं केली का, याबद्दल आठवणींत मला काही सापडलं नाही.

रमाबाईंना मात्र हे कळलं असावं. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते विवाहित, विधवा, वय उलटून गेलेल्या बायकांना घराबाहेर बसून शिकता यावं म्हणून. ज्यांना घर म्हणजे शिकण्याची जागा होऊच शकत नव्हती त्यांच्यासाठी. आपल्या सोलापूरच्या सेवासदनात शिकलेल्या कितीतरी जणी हे वाचत असतील. ते नाव कुठून आलं ते ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

आणि शाळा सक्तीची का झाली, तेही याच्याशी जोडलेलं आहे. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया! कारण उघड आहे. शास्त्रीबुवांच्या किंवा न्यायमूर्तींच्या घरी शिकवणारं कुणीतरी होतं. चांभारवाड्यात, महारवाड्यात, कुणब्याच्या वस्तीवर शिकवायला कोण होतं? तिथं घरची शाळा म्हणजे नुसतं घर. आज आपण शाळेला नावं ठेवतो, त्यातली निम्मी मीही ठेवते, बातम्याही केल्यात. पण सक्ती आली ती घरात अक्षर नसलेल्या पोरांसाठी, हे विसरून चालत नाही.

ताराबाई मोडकांचं नाव इथं घ्यायलाच पाहिजे, कारण मघाचा 'केव्हा'चा प्रश्न मला सापडलेल्या लोकांत पहिल्यांदा त्यांनी नीट विचारला. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या या बाई १९४५ साली बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. पुढं कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पोरं शाळेत येईनात. का येईनात? तर आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आई रानात कामाला. ताराबाईंनी 'पोरीला शाळेत पाठवा' असं भाषण दिलं नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. भाऊ पाळण्यात, मधली बहीण बालवाडीत, थोरली वर्गात. तिला विकासवाडी म्हणाले. जी पोरं तेवढंही येत नव्हती त्यांच्यासाठी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागं गेली तर कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ नंतर तो देशभराचा झाला आणि आता आपण अंगणवाडी म्हटलं की खिचडी आणि मानधनाचा मोर्चा एवढंच आठवतं. मूळ गोष्ट ही होती की घरकामात अडकलेल्या पोरीचे आणि तिच्या आईचे तास मोकळे करायचे.

आता सोलापूर.

माझी आई विड्या वळायची. पूर्व भागात आम्ही भाड्यानं राहायचो, आजूबाजूला सगळी तेलुगू घरं, कुणाच्या घरात माग, कुणाच्या घरात कांड्या भरायचं काम, आणि जवळजवळ प्रत्येक घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई. आई चौथी शिकलेली. संध्याकाळी पानं भिजत घालायची, सकाळी कापायची, मग हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत मान वर नाही. वळलेल्या विड्या दुपारनंतर ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथं चेकर खराब म्हणून बाजूला काढेल तेवढ्या गेल्या.

मला पाढे तिनं शिकवले ते या विड्यांवर. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चार कट्टे शंभर. चाळीस कट्टे हजार. पंचवीसचा पाढा मला पाचाच्या पाढ्याआधी येत होता, शाळेत बाईंना नवल वाटायचं. अक्षरं पण तशीच. ती वळत राहायची, मी समोर पाटी घेऊन बसायचे, तिची बोटं थांबायची नाहीत, फक्त डोळे एकदा पाटीकडं आणि एकदा पानाकडं. चुकलं की "पूस" एवढंच. शेजारच्या मावश्या त्यांचं हिशेबाचं पुस्तक घेऊन यायच्या, किती पान दिलं, किती विड्या जमा, ते मी वाचून दाखवायचे. तेच माझं पहिलं वाचन.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, मी कार्यक्रमांत सांगतेही. पण एक गोष्ट सांगत नाही. मी पाटी घेऊन बसायचे तेव्हा माझी थोरली बहीण दोरा बांधत बसायची. आई वळणार आणि ती बांधणार, तरच हजार पुरे व्हायचे. मला शिकवण्यात आईचा वेग थोडा कमी व्हायचा, तो ताई भरून काढायची. ताई सातवीत शाळेतून निघाली. मी डिप्लोमापर्यंत गेले.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. सोलापुरात सुरुवातीला काय हाल झाले ते तुम्हाला आठवत असेल, तेलंगी पाच्छा पेठेपासून सुरू झालं आणि मग पेठांमागून पेठा सील. नीलमनगरमध्ये आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी त्या वर्षी जे केलं त्याची बातमी देशभर गेली. आईबाप यंत्रमागावर, कारखान्यात, रोजंदारीवर, घरात स्मार्टफोन नाही, ऑनलाइन शाळा कुठून करणार? तर शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अडीचशे-तीनशे भिंती. बाराखडी, पाढे, इंग्रजी शब्द, विज्ञानाच्या आकृत्या. पोरं अंतर ठेवून भिंतीपुढं उभी राहून वाचायची. माढ्याच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तोही त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्यामुळं त्या भिंती थोड्या मागं पडल्या. मला विचाराल तर त्या भिंतींत ताराबाईंची अंगणवाडी होती. शाळा उचलून दारात आणलेली. आणि आईला तेलुगू येतं, मराठी वाचता येत नाही, तिला दिवसभर माग चालवायचाय, हे धरून आणलेली.

माझ्या घरात काय झालं? आमच्या घरात तेव्हा चार पोरं, माझी दोन, जावेची दोन. सासूबाई, सासरे, दोघे भाऊ, आम्ही दोघी. मी घरून बातम्या करायचे. सकाळी दहा ते बारा मी चारही पोरांना घेऊन गच्चीवर बसायचे. पहिलीपासून पाचवीपर्यंत. शेंगदाण्यांवर बेरजा, गव्हाच्या पिठात अक्षरं, सासऱ्यांच्या जुन्या पोथीतून मोठ्यानं वाचन. एकदा ऑफिसचा फोन चालू असताना धाकट्यानं हातच्याची वजाबाकी तिसऱ्यांदा चुकवली तेव्हा मी त्याला थोबाडीतही दिली होती, ते सोडलं तर छान चाललं होतं. मी त्याच्यावर एक लेख लिहिला. 'आमची गच्चीवरची शाळा'. फार फोन आले. दोन संस्थांनी ऑनलाइन बोलायला बोलावलं. आई असावी तर अशी, वगैरे.

दहा ते बारा खाली स्वयंपाकघरात माझी धाकटी जाऊ होती. दहा माणसांच्या भाकरी. ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करत होती, शेवटचं वर्ष. तिचा अभ्यासाचा वेळ सकाळी दहा ते बाराच होता, पोरं शाळेत गेल्यावर आणि दुपारचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आधीचा. आधी आम्ही दोघी मिळून सगळं सकाळी नऊपर्यंत उरकायचो. गच्चीवरची शाळा सुरू झाल्यावर मी नऊपर्यंत माझ्या बातम्या संपवायला लागले, आणि भाकरी दहाच्या पुढं गेल्या. तिनं एकदाही काही म्हटलं नाही. सासूबाई मात्र एकदा म्हणाल्या होत्या, "हिची पुस्तकं कपाटावर गेली की गं." मला वाटलं, आवराआवर केली असेल.

परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेल्यावर मला कळलं. मी म्हटलं, अगं सांगायचं ना. ती म्हणाली, "तुम्ही पोरांना शिकवत होता ताई. माझ्या पण पोरांना."

त्या लेखात मी तिचं नाव घातलं नव्हतं. 'घरच्यांची साथ' असे दोन शब्द होते बहुतेक. तो बीएचा फॉर्म तिनं अजून परत भरलेला नाही. मी दोनदा विषय काढला, तिनं हसून टाळला. तिसऱ्यांदा काढायचं धाडस झालेलं नाही.

मोठ्या यशाच्या गोष्टींतही हा भाग एका ओळीत संपतो. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं घेऊन. आपल्या आयआयटीत तिला जागा नव्हती कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. तेव्हा सगळ्या पेपरांनी छापलं, आमच्याही. 'आईनं नोकरी सोडली' हे त्या बातम्यांत एक वाक्य होतं. त्या बाईनं स्वतःहून, विचार करून सोडली, तिचा निर्णय. पण ते वाक्य एवढं छोटं का?

परवा ती होटगी रोडची पोरगी पुन्हा भेटली, बाजारात, भाजीच्या पिशव्या घेऊन. म्हणाली, "ताई, ठरवलंय आता. जूनपासून घरीच. वह्या पण आणल्या." या वेळी मी कायदा सांगितला नाही. विचारलं, "शिकवणार केव्हा?"

ती म्हणाली, "पहाटे. साडेचार ते साडेसहा. तेवढाच वेळ माझा असतो."

"आणि झोपतेस किती वाजता?"

ती हसली. "जाऊबाईंना म्हणून बघितलं, सकाळचा डबा तुम्ही बघाल का म्हणून. त्या म्हणाल्या, मग माझी दोघं पण शिकवशील का?"

"मग?"

"हो म्हटलं. पण त्यांचं शिवणकाम असतं सकाळी. ब्लाउज असतात गिऱ्हाइकांचे."

मी तिला म्हटलं, एक दिवस घरी ये, माझ्या जावेला भेट. ती रविवारी येते म्हणालीय. जावेला अजून सांगितलेलं नाही. आज रात्री भांडी झाली की सांगेन.